गजकर्णाची मलमे: मेडिकलच्या काउंटरवरून काय घ्यावे, काय परत ठेवावे

जांघेत खाज सुटते, आठवडाभरात गोल लालसर चट्टा उमटतो आणि माणूस मेडिकलमध्ये जाऊन हळू आवाजात खाजेची ट्यूब मागतो. पुढे येते ती बहुतेक वेळा ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब. ती ट्यूब, तिच्या शेजारची साधी बुरशीविरोधी मलमे, पावडरी, साबण आणि पोटात घ्यायची औषधे यांचे हे परीक्षण आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम टाळली आहेत. एकाच नावाला ‘प्लस’सारखी शेपटी लागली की ट्यूबमधले औषध पार बदलते, त्यामुळे नाव लक्षात ठेवून उपयोग नाही. घटक वाचायला शिकावे लागते.

भरपूर खपणाऱ्या या ट्यूबपासून सुरुवात करू. तिच्यात साधारण चार औषधे असतात: टर्बिनाफिन हे बुरशीवरचे, ऑफ्लॉक्सॅसिन हे जिवाणूंवरचे, ऑर्निडाझोल हे अमिबासारख्या परजीवींवरचे आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे स्टेरॉइड. गजकर्ण बुरशीमुळे होते, म्हणजे चारांपैकी कामाचे औषध एकच. ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोलला तिथे काहीच काम नाही. आणि क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांतल्या सर्वांत तीव्र गटातले आहे. तळहाताच्या जाड इसबावर किंवा सोरायसिसवर डॉक्टर ते मोजून, थोडे दिवस देतात. जांघेची कातडी पातळ आणि सतत घडीत दबलेली असते, त्यामुळे तिथे ते कितीतरी पटीने आत मुरते.

तरीही ही ट्यूब खपते, कारण दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते. गजकर्णातली लाली आणि खाज ही बुरशीशी झुंजणाऱ्या आपल्याच शरीराची प्रतिक्रिया असते. स्टेरॉइड ती प्रतिक्रिया दाबते. वरून चट्टा फिका पडतो, आत बुरशी बिनविरोध पसरत राहते. ट्यूब संपली की चार-पाच दिवसांत चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो, आणि अनुभव ‘याच ट्यूबने बरे वाटते’ असा असल्याने पुन्हा तीच आणली जाते. अशा दोन-तीन फेऱ्यांत चट्ट्याचा मूळ आकार मोडतो. एका कड्याच्या आत दुसरे कडे दिसू लागते, कधी कड पूर्ण पुसली जाते आणि नुसता मातकट डाग उरतो. कधी बुरशी केसांच्या मुळांत शिरते आणि गाठीसारखे फोड येतात. तिथवर मलम पोहोचत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला गुलाबी-जांभळ्या रेघा उमटतात, जशा बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा. बुरशी उपचाराने जाते. या रेघांचा रंग काळाने फिका होतो, पण त्या पूर्णपणे जात नाहीत. विशीतल्या मुलामुलींच्या मांडीवर त्या पाहाव्या लागतात याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्या टाळता येण्यासारख्या होत्या.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. काही आधीपासूनच त्या यादीत होती. ट्यूबवर किंवा खोक्यावर लाल उभी रेघ आणि ‘आरएक्स’ अशी खूण असेल आणि तुमच्या हातात चिठ्ठी नसेल, तर ती तिथेच परत ठेवावी.

घटक वाचताना शब्दाचा शेवट पाहावा. ‘सोन’ किंवा ‘लोन’ने संपणारे बहुतेक स्टेरॉइड असते: बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन. ‘नाझोल’ किंवा ‘माझोल’ने संपणारे बहुतेक बुरशीविरोधी: क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल. दोन ठिकाणी फसगत होते. क्लोबेटासोल आणि हॅलोबेटासोल ही नावे कानाला ‘झोल’च्या जवळची वाटतात, पण ती स्टेरॉइडे आहेत. ऑर्निडाझोल ‘झोल’ने संपते, पण बुरशीवर चालत नाही. निओमायसिन हे जिवाणूंवरचे औषध असलेल्या ट्यूबचा आणखी एक त्रास असा की काही लोकांना त्याचीच ॲलर्जी होते. मग मूळ गजकर्ण कुठे संपले आणि मलमाची ॲलर्जी कुठे सुरू झाली, हे कळेनासे होते.

एकाच औषधाची ट्यूब

आमची पहिली पसंती एका औषधाच्या साध्या ट्यूबला आहे. क्लोट्रिमाझोल १ टक्का हे यातले जुने आणि स्वस्त मलम, जनऔषधी केंद्रातही मिळणारे. दिवसातून दोनदा लावायचे. ते फारसे झोंबत नाही, म्हणून जांघ, अंडकोश, स्तनाखालची घडी अशा नाजूक जागांना चांगले. गरोदरपणात लावायलाही डॉक्टर बहुधा हेच सुचवतात. याचे उणे एवढेच की ते धीर मागते, आणि दोनदा लावायचा नेम मोडला की मागे पडते.

टर्बिनाफिन १ टक्का एके काळी सगळ्यांत खात्रीचे होते. आता भारतात तसे म्हणता येत नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी सध्या आपल्याकडच्या हट्टी गजकर्णामागे मोठ्या प्रमाणात आहे. २०२० मध्ये तिला हे स्वतंत्र नाव मिळाले. टर्बिनाफिन बुरशीतल्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालते, त्याच विकराच्या जनुकात या बुरशीच्या अनेक वाणांत बदल झालेला आहे, त्यामुळे औषधाचा नेम चुकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या डॉक्टरांना ‘भारतात जाऊन आल्यावर सुरू झाले’ एवढे आवर्जून सांगावे. तिथे अजूनही पहिले औषध म्हणून टर्बिनाफिनच दिले जाते, आणि ही माहिती मिळाली तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. मलमाची गोष्ट गोळीपेक्षा थोडी वेगळी आहे, कारण मलमातून त्वचेवर औषधाचे प्रमाण पुष्कळ जास्त पोहोचते. तरीही तीन-चार आठवडे नीट लावून कड जराही मावळली नाही, तर त्याच औषधाची पुढची ट्यूब आणू नये.

ल्युलिकोनाझोल १ टक्का हे महागातले. दिवसातून एकदा लावायचे आणि कातडीत टिकून राहणारे, हा त्याचा खरा फायदा. रात्रपाळी, प्रवास, वसतिगृह अशा ठिकाणी दोनदा कपडे काढून मलम लावणे ज्यांना जमत नाही, त्यांनी याचे जास्तीचे पैसे जरूर द्यावेत. मात्र माहितीपत्रकातल्या एक-दोन आठवड्यांच्या मुदतीवर विसंबू नये. आपल्याकडच्या आजच्या बुरशीला ती पुरत नाही.

सायक्लोपिरॉक्स आणि अमोरोल्फिन ही वेगळ्या वाटेने काम करणारी मलमे. वरची दोन-तीन वापरून झाल्यावर डॉक्टर तिकडे वळतात. सर्टाकोनाझोल, एबरकोनाझोल वगैरे क्लोट्रिमाझोलच्याच कुळातली आहेत. किंमत चढी आणि फरक थोडा.

बेंझॉइक आम्ल ६ टक्के आणि सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के असलेले व्हिटफिल्डचे मलम आजीच्या काळातले. तळपायाच्या जाड, पापुद्रे सुटणाऱ्या कातडीवर ते आजही उपयोगी आहे. जांघेत लावले तर कातडी भाजून निघते. टपरीवर मिळणाऱ्या झोंबणाऱ्या मलमांतही बहुधा सॅलिसिलिक आम्लच असते. ‘झोंबते म्हणजे लागू पडते’ हा समज अगदी चुकीचा आहे. लसूण ठेचून बांधणे, बिब्बा लावणे हे तर करूच नये. बिब्ब्याने पाण्याने भरलेले मोठे फोड येतात आणि डाग वर्षानुवर्षे राहतात.

ट्यूब किती लागते

चांगले मलम घेऊनही गजकर्ण जात नाही, याचे सर्वांत मोठे कारण मलम कमी पडणे हे आहे. त्याचा हिशोब काउंटरवर कोणी सांगत नाही, म्हणून तो इथे सविस्तर देतो.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होते. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, बोटे धरून, ते पुरते. दोन्ही जांघा आणि बसायच्या जागेवरचे चट्टे मिळून, भोवतालच्या चांगल्या कातडीसकट, चार तळव्यांएवढी जागा धरू. म्हणजे एका वेळेस एक ग्रॅम, दोनदा लावल्यावर दिवसाला दोन ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपते. उपचार सहा आठवडे चालला तर ८४ ग्रॅम लागतात, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या सहा किंवा तीस ग्रॅमच्या तीन ट्यूबा. दिवसातून एकदा लावायच्या मलमाच्या तीन छोट्या ट्यूबा पुरतात. महागडी ट्यूब वरकरणी वाटते तितकी महाग पडत नाही ती यामुळे. पंधरा ग्रॅमची एक ट्यूब महिनाभर पुरली असेल तर औषध कुचकामी नव्हते, ते लावलेच गेले नव्हते.

लावायची रीत अशी. अंघोळीनंतर जागा टिपून पूर्ण कोरडी करावी, पाच-दहा मिनिटे वारा लागू द्यावा. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीपासून सुरुवात करून आत यावे. बुरशी कडेने बाहेर सरकते. मधला भाग बरा दिसत असतो आणि लोक नेमके मधेच चोळतात. थर पातळ असावा, चोळून जिरेल एवढा. घडीत पांढरा लगदा साचला तर ओल धरते आणि कातडी सोलवटते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे मलम लावत राहायचे. खाज पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जाते, खवले तिसऱ्या-चौथ्यात, बुरशी त्यानंतर. काळसर डाग मात्र काही महिने राहतो. तो रोग नव्हे, त्यावर मलम लावत बसू नये.

आधी स्टेरॉइडची ट्यूब वापरलेली असेल तर ती बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे खाज आणि लाली भडकते. नवे मलम ‘बाधले’ असे वाटून याच वेळी लोक जुन्या ट्यूबकडे परततात. त्या दिवसांत रात्री सेटिरिझिन १० मिलिग्रॅम किंवा लिव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम घेतल्याने झोप लागते. सकाळी गुंगी राहिली तर दुचाकी चालवू नये.

बुरशीविरोधी पावडर घाम टिपते, बरे झाल्यावर पावसाळ्यात चपला-मोज्यांत आणि घड्यांत वापरायला ठीक आहे. तिने गजकर्ण बरे होत नाही, आणि मलमावर ती भुरभुरली की गोळे होऊन घासते. केटोकोनाझोलच्या साबणावर पैसे घालू नयेत. तो दोन मिनिटांत धुऊन जातो, उलट कातडी कोरडी करतो.

पोटात घ्यायची औषधे

चट्टे दोन-तीन ठिकाणांहून जास्त असतील, डोक्यात किंवा नखांत शिरले असतील, परत परत येत असतील किंवा आधी स्टेरॉइड लावून झाले असेल, तर नुसत्या मलमाने भागत नाही. इट्राकोनाझोल सध्या सर्वांत जास्त दिले जाते, बहुधा दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम, चार ते आठ आठवडे. ही कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची, कारण ती शोषली जायला पोटातले आम्ल आणि अन्न दोन्ही लागतात. सकाळी उठल्यावर ॲसिडिटीची गोळी आणि मग रिकाम्या पोटी ही कॅप्सूल, असे घेणाऱ्यांच्या अंगी औषध फारसे लागतच नाही. त्यातही पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल घरोघरी असते. तिच्यातले पँटोप्राझोल इट्राकोनाझोलचे शोषण कमी करते, आणि डॉम्पेरिडोनसोबत इट्राकोनाझोल घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात. ही जोडी वर्ज्य आहे. कोलेस्टेरॉलवरच्या सिम्वास्टॅटिनबरोबरही इट्राकोनाझोलची कॅप्सूल चालत नाही, अटॉरव्हास्टॅटिन असेल तर डॉक्टरांना सांगायला हवे. हृदय कमकुवत असलेल्यांनी ती घेऊ नये. पाय सुजले, धाप लागली, लघवी गडद पिवळी झाली तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कॅप्सूलमध्ये बारीक मणी असतात आणि त्यांच्या दर्जावर शोषण अवलंबून असते. म्हणून हे औषध बदलून ‘त्यातलेच दुसरे’ घेऊ नये, आणि महिन्याच्या वर चालणार असेल तर यकृताची तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रियांना ही औषधे देत नाहीत.

चट्टे अंगभर असतील तर रक्तातली साखर एकदा बघावी. मधुमेह कळत नाही तोवर गजकर्ण फिरून येत राहते.

घरातले काम औषधाइतकेच महत्त्वाचे. एकाला असेल तर घरातल्या सगळ्यांच्या जांघा, काखा, कंबर पाहावी आणि ज्यांना चट्टे आहेत त्यांचे उपचार एकाच वेळी सुरू करावेत. टॉवेल वेगळा. आतले कपडे आणि चादरी वेगळ्या, ६० अंशांच्या पाण्यात धुवाव्यात, उलटे करून उन्हात घालावेत. कोकणात आणि घाटावर जून ते सप्टेंबर ऊन नसते, तेव्हा शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. ओलसर जीन्स घालू नये. कमरेचा करदोडा काढून ठेवावा. तो घामाने कायम ओला असतो आणि बुरशी त्यात टिकते. श्रद्धेमुळे काढवत नसेल तर उपचार संपेपर्यंत तरी बाजूला ठेवावा आणि नंतर नवा घालावा.

गोल चट्टा प्रत्येक वेळी गजकर्ण नसतो

मेडिकलच्या काउंटरवर न मिळणारी एक चाचणी या सगळ्या ट्यूबांपेक्षा उपयोगी आहे. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने खवले खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू त्याच दिवशी दिसतात. त्याआधी किमान आठवडाभर मलम लावू नये, नाहीतर बुरशी असूनही ती दिसत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ही चाचणी होते.

चट्ट्याला खाज नसेल, घाम येत नसेल, केस झडले असतील आणि कापसाच्या टोकाचा स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. महाराष्ट्रात तो संपलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेत घेतले तर नसा वाचतात. अशा चट्ट्यावर महिनोन्‌महिने खाजेची ट्यूब चोळण्यात तोच वेळ जातो.

दुसरी शक्यता कर्करोगाची. ती दुर्मीळ आहे, पण ट्यूबांनी नेमकी हीच झाकली जाते. मायकोसिस फंगॉइड्स या नावात बुरशीचा उल्लेख असला तरी तो त्वचेतल्या लसीका पेशींचा कर्करोग आहे. त्याचे चट्टे बसायची जागा, मांड्या, पोट अशा कपड्याखालच्या भागांवर येतात, म्हणजे गजकर्णाच्याच जागी. त्यांना खाज सुटते, खवलेही असतात आणि स्टेरॉइडने ते काही काळ फिके पडतात. बोवेनचा आजार म्हणजे वरच्या थरातच असलेला त्वचेचा कर्करोग. यात एकच चट्टा असतो, कड स्पष्ट, वर खपली, वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढणारा. एकाच स्तनाग्रावर न भरणारे इसब दिसत असेल तर खाली स्तनाचा कर्करोग असू शकतो, तिथे मलमाचा एकही प्रयोग करू नये.

कमरेच्या पट्ट्याकडे आपल्याकडे खास लक्ष हवे. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. परकराच्या नाडीखालीही तेच घडते. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेवरच्या न भरणाऱ्या जखमेत कर्करोग निघालेल्या दोन वयस्कर स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतली एक लुगडे नेसणारी होती. वर्षानुवर्षे एकाच रेघेवर घासणे, घाम आणि दाब यांनी आधी काळा पट्टा पडतो, मग खवले धरतात, मग जखम होते. नाडी रुंद करावी, ढिली बांधावी, रोज बोटभर वर-खाली सरकवावी. काळ्या पट्ट्यात खडबडीत कडेची जखम झाली आणि ती सहा आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासायलाच हवा.

तुकडा तपासणे म्हणजे मोठी शस्त्रक्रिया नव्हे. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा कडेवरून काढतात, एक टाका घालतात, तो सात ते दहा दिवसांनी निघतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे, स्वतः बंद करू नये. मायकोसिस फंगॉइड्सची शंका असेल तर स्टेरॉइडचे मलम दोन ते चार आठवडे आधीपासून बंद लागते, नाहीतर अहवाल धूसर येतो, आणि या आजारात पहिल्या तुकड्यात निदान न झाल्यास पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. तुकड्यासोबत प्रयोगशाळेत जाणाऱ्या अर्जावर चट्टा कधीपासून आहे, आधी कोणकोणती मलमे लावली, हे लिहिले आहे का ते पाहावे. वापरलेल्या ट्यूबा टाकून न देता सोबत न्याव्यात. अहवालाबरोबर काचपट्टी आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेकडे मागता येतो. मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे झाले तर तिथले डॉक्टर पहिल्याच भेटीत तोच मागतात.